कच्चा टाका

पलंगावर गोधडी अंथरली गेली तेव्हा ताईला ती आधी ओळखूच आली नाही. कापडं तिचीच होती. तळ्याच्या पाण्यासारखा काळपट हिरवा, त्याच्या कडेने लव्हाळ्याचा पिवळा, मधेच खंड्या पक्ष्याच्या पाठीवरून कापून घेतल्यासारखा एक निळा तुकडा. पण त्या सगळ्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्याशुभ्र दोऱ्याची एकसारखी वेटोळी फिरली होती. जणू कुणी तळ्यावर तारेचं कुंपण आडवं टाकून निघून गेलं होतं.

"कशी वाटली?" धाकटी बहीण दाराशी उभी होती. हात मागे बांधून, बक्षीस घ्यायला आलेल्या मुलीसारखी. "बोल की. वाचाच बसली का?"

ताईने एक कोपरा उचलला, उलटी बाजू पाहिली. मग मधला भाग चिमटीत धरून चाचपला.

"माझे टाके कुठे आहेत?"

"कुठले?"

"माझे. हाताचे."

"ते कच्चेच होते ना गं. मशीनवाल्याने काढून टाकले. त्यावरून मशीन कसं चालवणार तो?"

गोधडीचे थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब टाके घालतात, पक्की शिवण झाली की ते ओढून केरात टाकतात, त्याला म्हणतात कच्चा टाका. ताईचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे होते. ते घालताना तिची उन्हाळ्याची सुरुवात सरून थंडीची सुरुवात आली होती.

"बुटकी रविवारी निघणार," धाकटी सांगत होती, "तुझा एवढा मोठा भाग अजून शिल्लक. शिवाय तुझी ती बोटं. सकाळी कपसुद्धा दोन हातांनी धरतेस. म्हटलं, एकदा तरी ताईच्या डोक्यावरचं ओझं आपण उतरवू."

"रविवारपर्यंत झाली असती."

"तू म्हणतेस."

"जा आता."

"अगं, निदान चहा तरी..."

"जा म्हटलं ना."

धाकटी गेली. जाताना तिने दार हळूच ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढावं तसं. त्या हळूपणाने ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताईचा राग आवाज करत नसे. उभं आयुष्य तिने कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बाह्या लावण्यात घालवलं होतं. डावी, उजवी, डावी, उजवी. अख्खा शर्ट शिवायला तिला कधी मिळाला नाही. शेकडो मशीनच्या त्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, तेव्हा तिथल्या बायका ओठ मिटून रागावायला शिकतात. कारखाना सुटला त्या दिवशी तिने घरचं मशीन शेजारणीला देऊन टाकलं आणि ठरवलं, आता जे शिवायचं ते सुईने, हाताने आणि आपल्याला हवं तिथे वळत. गल्लीतल्यांना वाटलं, बाईंना विरंगुळा सापडला. विरंगुळा हा शब्द ऐकला की ताईचे ओठ आणखी मिटत.

ही गोधडी भाचीसाठी, धाकटीच्या मुलीसाठी होती. भाचीला घरात बुटकी म्हणत. आता ती घरातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच झाली होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. लहानपणी ती रोज सकाळी मावशीचं बोट धरून तळ्यापर्यंत यायची आणि बाटलीत पाणी भरून न्यायची. त्याच पाण्याने तिला पुढे शहाणं केलं. दूरच्या एका थंड गावी, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती.

ताईने गोधडीवर तो रस्ता शिवायला घेतला होता. खालच्या डाव्या कोपऱ्यात मागचं लाकडी फाटक. तिथून वाकड्या भिंतीच्या कडेने, पंपघराला वळसा घालून, तळ्याभोवती आणि मग उतारावरून वर. एकच दोरा, कुठेही न तुटलेला. संपला की गाठ न मारता त्याचं टोक कापडात मुरवायचं आणि तिथूनच पुढचा सुरू करायचा. सकाळी जेवढं चालली तेवढं दुपारी शिवायचं. पाणी गढूळ असलं की मातकट दोरा, आभाळ खाली आलं की राखी. पाणकोंबडी बघायला थांबली तिथे नखाएवढं एक गोल. उगाच माघारी वळली तिथे उगाच वळलेले टाके. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, काय छान कल्पना आहे. ती कल्पना नव्हती, रस्ता होता.

मग वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि ताईच्या खोलीचं छत ठिबकायला लागलं. भिंतीचं काम होईपर्यंत गोधडी कोरडी राहावी म्हणून तिने ती धाकटीच्या कपाटात नेऊन ठेवली. पाण्यापासून जपायला दिलेली वस्तू बहिणीपासूनही जपायला हवी होती, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी फिरायला निघाली, पण तिला काही दिसलं नाही. भिंत आली आणि गेली. पंपघर आलं आणि गेलं. लव्हाळी वाऱ्याने आडवी होत होती, त्यांच्या टोकांवर चतुर बसायला बघत होते आणि त्यांना बसता येत नव्हतं. एरवी ताई यावर अर्धा तास उभी राहिली असती. उथळ पाण्यात बगळा होता. एक पाय पोटाशी, डोळे मिटल्यासारखे. तिला त्याचाही राग आला. याचं काय जातंय शांत राहायला, ती मनाशी म्हणाली, याचं कुणी काय उसवलंय?

तळ्यापासून ती घरी न जाता थेट मशीनवाल्याच्या दुकानी गेली.

दुकानात खोलीभर पसरलेलं मशीन होतं. त्याच्या लांब दांड्याखाली कुणाची तरी गुलाबी रजई ताणून बसवलेली. मशीनवाला गळ्यात टेप घालून चष्मा पुसत होता.

"माझा दोरा परत द्या," ताई म्हणाली.

"कसला दोरा, बाई?"

"हिरव्या गोधडीतला. मातकट, राखी, हिरवट. तुम्ही ओढून काढलात तो."

त्याने चष्मा लावला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही घातले होते ते?"

"कुणाला विचारून काढलेत?"

"विचारूनच." तो मशीनला वळसा घालून पुढे आला. "याच टेबलावर तुमच्या बहिणीला उलगडून दाखवलं. म्हटलं, टाके फार बारीक आहेत, मला काही कच्चे वाटत नाहीत. त्या फोनवर होत्या. म्हणाल्या, कच्चेच आहेत, काढा काढा. मी परत विचारलं. तर म्हणाल्या, अहो, मोठी बहीण आहे माझी, मला माहीत नसणार?"

ताई मशीनकडे बघत राहिली.

"काढायला मला दोन दुपारी लागल्या," तो म्हणाला. "कच्चा टाका एका हिसक्यात येतो. हे येतच नव्हते. तेव्हाच थांबायला हवं होतं मी. गिऱ्हाईक म्हणालं म्हणून..." त्याने हात झटकले. "दोरा गेला, बाई. केराची गाडी परवाच येऊन गेली. पण एका कोपऱ्यात काठाची पट्टी दुमडलेली आहे ना, तिथे थोडे राहिलेत. तिथले काढायला हातच पोचला नाही, मशीन वरूनच फिरलं. पाहिजे तर सगळं उसवून देतो. पैसे नकोत."

"हात लावू नका तिला."

"बरं."

दाराशी पोचल्यावर ती वळली. "रागावून आले होते तुमच्यावर."

"कळलं ते."

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते."

मशीनवाला हसला नाही. बरं झालं. हसला असता तर त्यालाही दिली असती.

त्या दुपारपासून ताईने उसवायला घेतलं. मशीनची शिवण उसवायचीही रीत असते. उलट्या बाजूने दर तिसरा-चौथा टाका धागे कापायच्या छोट्या कात्रीने तोडायचा, मग सुलट्या बाजूचा दोरा धरून ओढायचा; तो फरफरत निघून येतो. घाई केली की कापड फाटतं. शिवायला राग चालत नाही, टाका आवळला जातो आणि कापडाला सुरकुती पडते. उसवायला मात्र चालतो, निदान थोडा. कचकच कात्री चालत होती आणि तिच्या पायाशी पांढऱ्या दोऱ्याचा ढीग साचत होता. प्रत्येक टाक्याला ती मनात एक वाक्य म्हणत होती आणि प्रत्येक वाक्य धाकटीला उद्देशून होतं. मला माहीत नसणार. कच. काढा काढा. कच.

मोठ्या सुईने पाडलेली भोकं मागे राहत होती. ओलं बोट फिरवून नखाने हलकेच घासलं की वरच्या सुती तुकड्यांची वीण पुन्हा जवळ येत होती. पण खालचं अस्तर घट्ट विणीचं होतं. त्यावरची भोकं तशीच, देवीच्या व्रणांसारखी. अस्तर बदलावं लागणार हे कळलं तेव्हा तिने कात्री खाली ठेवली आणि पाय मोकळे करायला म्हणून गल्लीत दोन चकरा मारल्या. शेजारीण म्हणाली, "काय ताई, आज दोनदा फिरणं?" ताई चालतच राहिली. शेजारणीने पुढे विचारलं नाही, एवढी तरी ती शहाणी होती.

गिरण्यांमधून उरलेले, रंग चुकलेले, टोकाला डाग पडलेले कापडाचे तुकडे जिथे ढिगाने विकायला असत, त्या दुकानाला सगळे 'उरलंसुरलं' म्हणत, आणि मालकालाही तेच. ताईचं आणि त्याचं वर्षानुवर्षांचं भांडण होतं. तो भाव सांगायचा, ती हसायची. तो मुलाबाळांची शपथ घ्यायचा, ती पिशवी उचलून चालू पडायची. तो मागून हाक मारायचा. दोघांनाही यात भलतीच मजा यायची, आणि ताईच्या आठवड्यातली ती एकच मोठ्या आवाजातली वेळ असायची.

त्या दिवशी ती आली, ढिगात खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातून एक कापड ओढून काढलं. ढगाळ सकाळच्या रंगाचं, मऊ, मोकळ्या विणीचं. बोटांना लगेच कळलं.

"केवढ्याला?"

उरलंसुरलंने भाव सांगितला आणि पुढच्या लढाईसाठी स्टूल सरकवून बसला.

"द्या बांधून."

तो बसला तसाच उठला. "म्हणजे?"

"बांधून द्या."

"ताई, भाव करा की."

"करायचा नाही."

"माल आवडला नाही का?"

"आवडला."

"मग दोन शब्द तरी ऐकवा. गिऱ्हाईक गप्प बसलं की मला वाटतं, मी फसवलं." त्याने कापड उलटंसुलटं केलं. "बरं, इथे जरा डाग आहे. तुम्ही म्हणणार, डागाचे पैसे घेता का? तर थोडे कमी करू. आणि काठ उसवलाय. म्हणजे आणखी थोडे..."

"थांबा," ताई म्हणाली.

तो थांबला.

"माझ्या वतीने तुम्ही घासाघीस करणार?"

"तुम्ही करत नाही म्हणून..."

"मी करत नाही तर ती होणार नाही. ती माझी आहे. करायची की नाही, मी ठरवणार. ज्याला बघावं तो उठतो आणि माझं काम माझ्यासाठी करून टाकतो."

तिने त्याला पहिल्यांदा सांगितलेला भाव, पूर्णच्या पूर्ण, टेबलावर ठेवला. उरलंसुरलंला तो घेताना कसनुसं झालं. घरी जाताना अर्ध्या वाटेत ताईच्या लक्षात आलं की डाग चांगला तळहाताएवढा आहे, आणि आपण रागापायी आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला जिंकू दिलं. हात दाखवून अवलक्षण. त्याचाही हिशेब तिने धाकटीच्याच नावावर मांडला.

संध्याकाळी ती वाचत असे. आठवडाभरापूर्वी वाचनालयातून तिने एक जाडजूड कादंबरी आणली होती. तिची नायिका सोशिक होती. नवरा बोलला, तिने माफ केलं. सासऱ्याने घर विकलं, तिने माफ केलं. आधी ताईला ती बरी वाटायची. आता दिव्याखाली बसून पान उलटलं तर नायिका पुन्हा कुणाला तरी माफ करून, पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी खिडकीबाहेर बघत होती. ताईने पुस्तक मिटलं आणि सकाळी फिरून येताना परत करून टाकलं.

"शेवटची शंभरेक पानं राहिलीत तुमची," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्या खूण कुठे आहे ते बघूनच पुस्तक परत घेत. "शेवट गोड आहे हो."

"म्हणूनच परत करतेय."

"मग काय देऊ?"

"ज्यात कुणी कुणाला माफ करत नाही असं काही असेल तर."

"ते कायद्याच्या कपाटात," ग्रंथपाल बाई चेहरा जराही न हलवता म्हणाल्या.

ताईला हसू आलं आणि हसू आलं म्हणून रागही आला. शेवटी तिने पाणपक्ष्यांवरचं एक चित्रांचं पुस्तक घेतलं. त्यात लिहिलं होतं की पाणकोंबडी घरट्याच्या आसपास आलेल्या आपल्याच जातीच्या पक्ष्यालाही पाय मारून, टोचून हाकलून लावते. इतकी वर्षं रोज बघूनही ताईला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदाच तो पक्षी तिला समंजस वाटला.

शुक्रवारी धाकटी आली. आता हात मागे बांधलेले नव्हते. एका हातात फळांची पिशवी होती, भांडणानंतर आणतात तशी. पलंगावर गोधडी पालथी पडलेली, अर्ध्याहून अधिक उसवलेली, आणि खाली पांढऱ्या दोऱ्याचा ढीग. धाकटी ढीग ओलांडून आत आली.

"अगं बाई. सगळं काढलंस?"

"काढतेय."

"एवढं काय बिघडलं होतं? पदरात पडलं ते पवित्र झालं म्हणावं माणसाने. बुटकीला किती आवडली होती."

ताईची कात्री थांबली. "बुटकीने कधी पाहिली?"

"फोटो पाठवला होता. तुझ्याकडे आणण्याआधी."

"मशीनवाल्याकडे गेले होते मी," ताई म्हणाली.

धाकटीने पिशवी टेबलावर ठेवली, मग उचलून खुर्चीवर ठेवली.

"त्याने तुला विचारलं होतं."

"विचारलं असेल. मी फोनवर होते. बुटकीच्या तिकिटाचं..."

"दोनदा विचारलं."

"ताई..."

"आईने आपल्याला एकाच पलंगावर बसवून शिकवलं. कच्चा टाका बोटभर, पक्का दाण्याएवढा. तुझा टाका माझ्याहून सरळ यायचा. मी रडले होते त्यावरून. तुला कळत नव्हतं ते कच्चे आहेत की पक्के?"

"कळलं असतं," धाकटी म्हणाली. मग जमिनीवरच्या ढिगाकडे बघत, "बघितलं असतं तर. बघितलं नाही मी."

एवढ्यावर ती थांबली असती तर कदाचित काही झालं असतं. पण धाकटीला आपली चूक हातात फार वेळ धरवत नसे.

"आणि तू तरी कधी सांगितलंस? रंगीबेरंगी दोरे, वाकडेतिकडे फिरलेले. कुणालाही वाटेल, उरलेली रिळं संपवतेय. तू तोंड उघडायचं नाहीस आणि सगळ्यांनी ओळखायचं. लहानपणापासून हेच. रुसायचं, आणि का ते सांगायचं नाही."

"मी ती लपवून ठेवली नव्हती. अख्खा उन्हाळा या पलंगावर पसरलेली होती. तू तिच्यावर बसून चहा प्यायचीस."

धाकटी पलंगाच्या कडेला बसायला गेली, गोधडी बघून उठली आणि खुर्चीतली पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

ताईने दुसरी कात्री तिच्यापुढे धरली.

"हे काय?"

"उसव."

"मी? मला कुठे येतं आता?"

"काढा म्हणता आलं ना? मग हेही येईल."

धाकटीने कात्री घेतली. तिचे हात जड चालत होते. दोनदा तिने कापडच कात्रीच्या चिमटीत धरलं आणि दोनदा ताईने तिचं मनगट धरून थांबवलं. उजेड उतरेपर्यंत दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसून एकाच गोधडीत कात्र्या चालवत होत्या. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बहिणींचं किती सूत आहे.

बुटकी शनिवारी दुपारी आली. आल्या आल्या तिने मावशीच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. त्यासाठी आता तिला वाकावं लागे.

"आईने सांगितलं सगळं," ती म्हणाली. "मावशी, एक बोलू? मला होती तशीही चालली असती गं."

"मला नसती चालली."

"पण आता मी काय घेऊन जाऊ? तिथे रात्री पाणी गोठतं म्हणे."

"दोन ब्लँकेटं घे."

"ब्लँकेटं काय, कुठेही मिळतात."

"मशीनची गोधडीही कुठेही मिळते."

बुटकीने गोधडीचा मोकळा झालेला वरचा थर अलगद उचलला, नुसतंच हाताला चाळा म्हणून. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्या उन्हात कापड धरल्यावर तिचा हात थांबला. मशीनची भोकं ताईने घासून घासून बुजवली होती. पण जिथे ताईचे स्वतःचे टाके होते, तिथे दोऱ्याने महिनोन् महिने कापड दाबून धरलं होतं, आणि त्या जागी बारीक खळग्यांची एक ओळ उरली होती. मुंग्या चालत गेल्यासारखी.

बुटकीने त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट चालत निघालं. सरळ गेलं, वाकडं झालं, एका जागी पूर्ण वळसा घेऊन पुढे सरकलं. मग ती पुन्हा मागे आली, कोपऱ्यापाशी, जिथून ओळ निघाली होती.

"हे फाटक आहे का?" तिने विचारलं.

ताई जवळ सरकली.

"मग ही भिंत. आणि हे पंपघर, हो ना? इथे मी पडले होते. बाटली फुटली होती." बोट थांबलं. तिथे खळगे दुहेरी होते. "इथे दोनदा शिवलंस तू."

"गुडघ्याला लागलं होतं तुला," ताई म्हणाली.

बुटकी कापड तोंडाशी धरून तशीच उभी राहिली. ताईला वाटलं होतं, कुणी तरी हा रस्ता ओळखला की आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. छातीत नवाच, आधीच्याहून मोठा राग उभा राहिला. म्हणजे दिसत होतं तर. दोरा ओढून काढल्यावर, मशीन फिरवून झाल्यावर, उसवून झाल्यावरही दिसत होतं. जेव्हा रंगांसकट होतं, तेव्हा तर वाकून पाहणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. वाकून पाहायला किती वेळ लागतो?

"मी पुढच्या सुट्टीत येऊन नेते," बुटकी म्हणाली.

"सुट्टीचं नको सांगूस. झाली की कळवीन. तेव्हा ये."

"किती दिवस लागतील?"

"नवीन अस्तर लावायचं आहे. मग पहिल्यापासून. तुझा रस्ता आहे म्हणून तोच शिवीन, नाही तर चुलीत घातली असती."

"मावशी."

"खोटं नाही सांगत."

रविवारी बुटकी दोन ब्लँकेटं घेऊन गेली. ताई स्टेशनवर गेली नाही. सकाळी फाटकापाशी तिने बुटकीला निरोप दिला आणि तिच्या हातात एक रिकामी बाटली दिली. मग ती एकटी तळ्यापर्यंत चालत गेली. पाणी त्या दिवशी हिरवट होतं. पाणकोंबडी लव्हाळ्यातून मान पुढेमागे करत बाहेर आली, तिच्या मागून दुसरी आली, आणि पहिलीने मागे वळून तिला टोच मारली. ताई बराच वेळ तिथे उभी होती.

दुपारी धाकटी आली. मुलीला गाडीत बसवून आलेली, डोळे सुजलेले. फळंबिळं काही आणलेली नव्हती. ती न विचारता पलंगाच्या तिच्या बाजूला बसली आणि कात्री उचलली. आता तिचा हात थोडा हलका झाला होता. मधेच एखादा लांब दोरा एका दमात निघून यायचा आणि ती तो बघत बसायची.

"राग गेला का?" तिने विचारलं.

"नाही."

"जाणार आहे का?"

"उसव तू."

उसवत उसवत धाकटी खालच्या डाव्या कोपऱ्याशी आली. काठाची पट्टी उलटी दुमडली आणि तिची कात्री हवेतच राहिली. पट्टीच्या आत पांढऱ्या वेटोळ्याच्या शेजारून, त्याच्या खालून, एक मातकट दोरा चालला होता. सगळ्या गोधडीत तेवढाच वाचलेला. फाटकापासून निघालेली पहिली काही पावलं. काही ठिकाणी दोन्ही दोरे एकमेकांवर चढले होते, दुमडीच्या सावलीत दोन्हींचा रंग एकच वाटत होता आणि कुठला वरचा, कुठला खालचा ते चटकन कळत नव्हतं.

"ताई," धाकटीने कात्रीचं टोक न हलवता विचारलं, "हा तुझा की त्याचा?"

ताईने मान वर केली नाही.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "बघ."

धाकटीने चष्मा काढला, पदार्थ हुंगावा तसा चेहरा कापडाजवळ नेला, आणि बघायला लागली.